वाणाचे पैसे आणि दूरदेशीच्या बाळंतिणी

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने यंदा संक्रांतीच्या वाणावरचा खर्च टाळून २१ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. जगभरातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी सरकारांनी निधी द्यावा, म्हणून पाठपुरावा करणाऱ्या एका संस्थेने आमच्याकडे देणगी आणि सह्या मागितल्या आहेत. औषध न देता नुसती निवेदने देणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा ते डागा रुग्णालयातील बाळंतिणींसाठी खर्च करावेत, असे काही जणींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डागातील बाळंतिणींच्या उपयोगी पडावे, ही आपल्या मैत्रिणींची इच्छा रास्त आहे. मात्र ‘नुसती निवेदने’ हे शब्द मला खटकले.

नोकरीच्या सुरुवातीला मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात होते. मे महिन्यात वीज तासन्‌तास जाई. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि आमच्या सिस्टर त्याच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत. अशाच एका रात्री बाळंतपणानंतर एकीच्या अंगावरून फार जाऊ लागले. इंजेक्शन देऊनही उतार पडेना. रक्त किती गेले, हे आम्ही भिजलेल्या कपड्यांवरून अंदाजाने ठरवत होतो, आणि तो अंदाज नेहमी कमीच निघतो. जीपमधून तिला नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणले आणि ती वाचली.

आज या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. त्याच कामाचे, पण फ्रिजशिवाय टिकणारे कार्बेटोसिन हे औषध २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. बाळंतिणीखाली अंथरायची, खाली पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेषा असलेली प्लास्टिकची चादरही आहे. ही चादर वापरून रक्तस्राव वेळेत ओळखला आणि सर्व उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव व त्यातून ओढवणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटते, असे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील दोन लाखांहून अधिक बाळंतपणांच्या अभ्यासात २०२३ साली दिसून आले. तरीही त्याच वर्षी जगात गर्भारपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या. उपाय माहीत असणे आणि तो खाटेपर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये अंदाजपत्रकातील एक ओळ असते, आणि ती ओळ कोणीतरी दरवर्षी मागत राहावी लागते.

ही ओळ किती सहज पुसली जाते, हेही पाहावे. जगभरातील बाळंतिणींच्या आरोग्यासाठी आणि कुटुंबनियोजनासाठी काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी सदस्य देशांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो. २००२ साली अमेरिकी सरकारने, चीनमधील सक्तीच्या कुटुंबनियोजनाला या निधीचा हातभार लागतो असे कारण देऊन, आपली ३ कोटी ४० लाख डॉलरची वर्गणी रोखली. वास्तविक त्याच सरकारने चीनला पाठवलेल्या पथकाला त्या आरोपाचा पुरावा सापडला नव्हता. तेव्हा जेन रॉबर्ट्स या निवृत्त शिक्षिका आणि लोइस अब्राहम या वकील, अशा दोन अमेरिकी स्त्रियांनी ३ कोटी ४० लाख लोकांकडे प्रत्येकी एक डॉलर मागायला सुरुवात केली. सगळी रक्कम जमली नाही, पण दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला गेला. माझ्या मते त्या पैशांइतकेच मोल त्यामागच्या नावांचे होते, कारण हा खर्च आपल्या मतदारांना नको आहे, असे म्हणणे लोकप्रतिनिधींना अवघड झाले. २००९ साली वर्गणी पुन्हा सुरू झाली, २०१७ मध्ये थांबली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली. पाठपुरावा करणाऱ्यांना उसंत का मिळत नाही, हे यावरून कळावे.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर एक जवळची गोष्ट सांगते. गरोदरपणात ॲस्पिरिनची अल्प मात्रा दिल्यास वेळेआधीची बाळंतपणे कमी होतात का, हे तपासणाऱ्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील अभ्यासात नागपूर हे एक केंद्र होते, आणि त्याचा पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा होता. त्या अभ्यासात असे प्रमाण ११ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आणि आपल्याच गावात कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ उभा केला. परक्या घरच्या बाळंतिणीची काळजी वाहणे नागपूरला नवे नाही.

आता पैशांविषयी. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातील ८०-जी ची सवलत मिळत नाही. संस्था भारतीय असेल, तर नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब मागून घ्यावा, आणि गेल्या वर्षी कोणत्या सरकारकडे नेमके काय मागितले व काय पदरात पडले, हे लेखी विचारावे. उत्तर मोघम आले, तर तेथे पैसे देऊ नयेत. सह्यांबाबत सांगायचे तर, अमेरिकी संसदेत आपल्या सहीला फारसे वजन नाही. परंतु मंडळातील कोणाची मुले-सुना तिकडच्या नागरिक असतील, तर त्यांनी आपल्या प्रतिनिधीला लिहिलेल्या पत्राला ते नक्कीच आहे.

माझा सल्ला विचाराल, तर रक्कम दोन ठिकाणी वाटावी. निम्मी, खात्री पटल्यास, त्या संस्थेला द्यावी. उरलेली डागामध्ये खर्च करण्याआधी तेथील मेट्रनना भेटून काय कमी पडते ते विचारावे. त्याच भेटीत मापाची चादर प्रत्येक खाटेला मिळते का, याचीही चौकशी करावी आणि मिळत नसल्यास मार्चमधील अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदारांना मंडळाच्या सह्यांचे निवेदन द्यावे.