गावच्या ग्रुपवर तुमच्यासारख्या केळी व्यापाऱ्याबद्दल ‘केळीच्या मापात पाप करतो’ असं कुणी लिहिलं, तर कायद्याने ती बदनामी ठरते का?

हो, ठरू शकते. कारण कायद्यात अब्रू म्हणजे आपलं आपल्याबद्दलचं मत नव्हे, चारचौघांच्या नजरेतली आपली किंमत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात चारित्र्य, बुद्धी, जात, धंदा, पत यांना इतरांच्या नजरेत उणेपणा आणणारा आरोप येतो. रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्याचं सगळंच काट्यावर आणि विश्वासावर, म्हणजे घाव थेट धंद्यावर. हेच फक्त तुम्हाला एकट्याला कळवलं असतं तर बदनामी नव्हती. तिसऱ्यापर्यंत पोचावं लागतं. मात्र आरोप खरा आणि लोकहितासाठी केलेला असेल तर गुन्हा होत नाही, तेव्हा आधी काटा तपासून घ्या! भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षातच लावावा लागतो.