एकाच अल्बममध्ये हाऊस, जंगल आणि डब

प्रश्न : माझ्या भाच्याने एका स्वतंत्र निर्मात्याचा क्लब संगीताचा अल्बम ऐकवला. त्यात हाऊस, जंगल आणि डब या संगीतशैली एकत्र आहेत, असे तो म्हणतो. सवाई गंधर्व महोत्सवात रमणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्याला ही सरमिसळ कशी ओळखता येईल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपला लयीचा कान येथे पुरेसा आहे. शिकागोमध्ये १९८० च्या दशकात घडलेल्या हाऊसची गती मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची असते आणि त्यात प्रत्येक मात्रेवर किक ड्रम, म्हणजे खोल आवाजाचा मोठा ड्रम, सारख्याच जोराने वाजतो. ब्रिटनमधल्या जंगलची गती मात्र बहुधा १६० च्या आसपास किंवा पुढे असते. जुन्या ध्वनिमुद्रिकांतले ड्रमचे तुकडे कापून आणि उलटसुलट जोडून त्याचा ठेका रचला जातो. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रिकेतला जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा तर असंख्य रचनांत आला आहे. (तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही, हे खेदजनक.) डब मूळचे जमैकाचे, तिथे गायन मागे सरते आणि बेस (खर्जातले सूर) व प्रतिध्वनी पुढे येतात.

आता मेळ पाहा. ड्रम १६० ने धावत असताना बेस ८० च्या गतीने चालला, तर दोहोंत दुगुनीचे नाते राहते, म्हणून जंगल आणि डब सहज जुळतात. हाऊसकडे वळताना असे सोपे गणित नसते. तो सांधा निर्माता कसा जुळवतो, यावरच मी अशा अल्बमची पारख करतो. मोबाईलच्या स्पीकरवर खोल बेस ऐकूच येत नाही. त्यामुळे चांगला हेडफोन वापरावा.