ऑर्गन वाजताना चर्चमध्ये कुठेतरी झणझणतं, ते कसं शोधायचं?

खालचे सूर धरले की झणझणतं आणि ऑर्गन उघडून बघायचं ठरतंय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लगेच उघडू नका. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये मी बरीच वर्षं पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन, वाजवतोय. असा आवाज आला की बहुतेक वेळा चोर पेटीबाहेरच सापडलाय.

रिकाम्या चर्चमध्ये एकाला पेटीवर बसवा. खालून एकेक पट्टी दहा सेकंद धरायला सांगा आणि तुम्ही फिरत राहा. प्रत्येक सैल वस्तू ठरावीक कंपनालाच थरथरते, त्यामुळे आवाज एक-दोन सुरांनाच येईल. तो सूर लिहून ठेवा. मग पेटी बंद ठेवून तोच सूर फोनच्या टोन जनरेटरवरून (हव्या त्या कंपनाचा सूर काढणारं ॲप) मोठ्या स्पीकरवर लावा. खालची पांढरी एक (इंग्रजी C) म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ. तरीही झणझणलं, तर रीड (पेटीतली सूर देणारी पितळी पाती) निर्दोष आहे.

जागा शोधताना कानावर फार विसंबू नका. खालच्या सुराची दिशा कळत नाही आणि दगडी भिंती आवाज फिरवतात. तळहाताने दाबत जा: खिडकीच्या काचा, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, पंख्याच्या वाट्या, फोटोफ्रेम, अर्पणपेटीचं कुलूपसुद्धा. हात ठेवल्यावर थांबलं की सापडलं.

आमच्याकडे काळी तीनला (इंग्रजी F शार्प) एका रविवारी झणझणायचं, पुढच्या रविवारी गायब. तीन महिने मी पेटीलाच दोष देत होतो. शेवटी बोट टेकलं ते गीत क्रमांकांच्या पाटीवर! आकड्यांचे पत्रे खाचेत सरकवतात ना, त्यातला ७ सैल होता. ज्या दिवशी ७ लागेल त्या दिवशी झणझण. रविवार कारंज्याच्या बाजारातून फेल्टचं जाड कापड आणून खाचेत चिकटवलं, तेव्हापासून शांत आहे.

आणखी एक, हे काम थंडीत करा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत आपल्याकडे लाकूड आकसतं, चौकटीतल्या काचा खिळखिळ्या होतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून काच घट्ट धरतं, मग शोधूनही सापडत नाही.

एवढं करून आवाज एकाच स्टॉपच्या (रीडचा एक संच चालू-बंद करणारी खुंटी) एकाच पट्टीला येत राहिला, तरच पेटीची मागची फळी काढा. आधी सैल स्क्रू बघा, मग रीडमधला कचरा मऊ ब्रशने झाडा. पितळी पातीला बोट लावू नका, ती जराशी वाकली तरी सूर सरकतो.