सातेरीच्या पेटीला वरून दुसरं दार ठेवावं का?

तुमचा प्रश्न असा: परसात सातेरीची, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीची, एकच पेटी आहे, पावसाळ्यात आतल्या झाकणाखाली पाण्याचे थेंब दिसतात, आणि परदेशी व्हिडिओंत मधकोठीला (पेटीच्या मध साठवायच्या वरच्या कप्प्याला) वरून इंचभर भोक पाडून दुसरं दार करतात, तसं आपण करावं का?

दार करू नका. वर जाळी लावलेला लहानसा झरोका ठेवा आणि तो ऋतू बघून उघडा-झाका. मी दापोलीकडे अकरा वर्षं परसात पेट्या ठेवतोय आणि तुम्ही म्हणता ते भोक तिसऱ्या वर्षी पाडून बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्च महिना होता, जांभूळ फुललेली. मधकोठीला पुढून एक इंची भोक पाडलं. पंधरा दिवस सगळं छान दिसलं, माश्या वरून थेट मधकोठीत उतरत होत्या. मग बहर संपला. मेच्या पहिल्या आठवड्यात माझ्याच दुसऱ्या पेटीतल्या माश्या त्या भोकातून आत शिरून मध लुटायला लागल्या. खालच्या दारावर पहारा होता, वर दोन-तीन माश्या, त्याही गोंधळलेल्या. मी भोक बंद केलं तोवर वसाहत निम्मी राहिली होती. जून लागला, पोळ्यांवर बसायला माश्या पुरेनात, मेणकिडा (ज्याच्या अळ्या मेणाची पोळी खातात तो पतंग) शिरला आणि महिनाअखेरीस उरलेल्या माश्या राणीसकट पेटी सोडून गेल्या. उघडून बघितलं तर पोळ्यांच्या चौकटींवर नुसती मेणकिड्याची जाळी. ती वसाहत मी कुणाच्या तरी भिंतीतून स्वतः काढून आणली होती, त्यामुळे फार लागलं.

वरच्या दाराची पद्धत आली बर्फाच्या मुलखातून. तिथे हिवाळ्यात खालचं दार बर्फाने किंवा मेलेल्या माश्यांनी बुजतं, आत माश्यांचा गोळा महिनोन्‌महिने मध खात ऊब धरून बसतो, त्यांच्या श्वासाची वाफ गार झाकणाला लागून थेंब अंगावर पडतात. तिथे वर वाट ठेवण्याला अर्थ आहे. शिवाय त्यांच्या मेलिफेराच्या (युरोपातल्या मधमाशीच्या) पेटीवर तीन-चार मधकोठ्या चढवलेल्या असतात. खालून शिरलेल्या माशीला पिल्लांच्या गर्दीतून बराच जिना चढावा लागतो. आपल्या सातेरीच्या 'ए' टाइप पेटीत शिशुकोठी (पिल्लांचा खालचा कप्पा) एक आणि वर मधकोठी एक. वीतभर चढण. तेवढ्यासाठी दुसरं दार कशाला?

खरा फरक मात्र माशीतच आहे. मेलिफेरा झाडांचा चीक गोळा करून आणते आणि पेटीतल्या फटी त्याने लिंपते. वरचं भोक मोठं वाटलं तर ती स्वतःच त्याला हवं तेवढं बुजवते. सातेरी हा चीक आणतच नाही. आपण जी फट ठेवू ती तशीच राहणार, थंडीत, वादळात, लुटीच्या दिवसांतसुद्धा. म्हणून परदेशातला सल्ला आपल्या पेटीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तिथे माणूस विसरला तरी माशी सांभाळून घेते. इथे ते काम आपल्याकडे आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. उकाड्याच्या दुपारी दारात पंख हलवणाऱ्या माश्यांकडे पाच मिनिटं नीट बघा. सातेरीचं तोंड बाहेर असतं आणि शेपटाकडची बाजू दाराकडे. म्हणजे ती बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा बरोबर उलटी उभी राहते, तोंड आत, आणि आतली हवा बाहेर ओढते. कापसाचा एक तंतू दाराशी धरलात तर वाऱ्याची दिशा कळते. (उदबत्ती धरू नका, धुराने त्या बिथरतात.) आत ढकललेली हवा तापते, ओल घेते आणि वर चढते. तिला वरून निसटायला थोडी वाट मिळाली की माश्यांची मेहनत वाचते. पण वाट मोठी झाली तर ऊबही तिथूनच जाते, आणि पिल्लांना ३३ ते ३५ अंशांची ऊब रात्रंदिवस लागते. अंड्यांना दमटपणाही लागतो, फार कोरड्या हवेत ती सुकतात. त्यामुळे पेटीतली सगळी ओल घालवायची असं मनात धरू नका.

कोकणातल्या पावसात बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, मग झरोक्याचा उपयोग काय, असं मलाही वाटायचं. उपयोग आहे. बाहेर २६ अंश तापमान आणि ९५ टक्के दमटपणा असलेली हवा आत जाऊन ३४ अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा साधारण ६० टक्क्यांवर येतो. तीच हवा आता ओल उचलू शकते. पण हे घडायला आत तापवणाऱ्या माश्या भरपूर हव्यात. चारच चौकटी भरतील एवढ्या माश्या आठ चौकटींच्या पेटीत आणि वर रिकामी मधकोठी, अशी अवस्था असेल तर कितीही झरोके ठेवा, ओल राहणारच. पावसाआधी मधकोठी काढून घ्या, माश्या बसत नसलेली पोळी काढा, शेवटच्या चौकटीला लागून एक फळी उभी करून जागा आवळा. माझ्या मते पावसाळी ओलीवर यापेक्षा मोठा उपाय नाही. अशी रिकामी पोळी पेटीत तशीच राहिली तर मेणकिड्याची सोय होते, ते वेगळंच.

थेंब झाकणालाच का धरतात? कारण पावसाने भिजून ते पेटीतला सगळ्यात गार भाग झालेलं असतं. ते गार होऊ दिलं नाही की वाफ तिथे थिजत नाही. आतल्या झाकणावर, छपराच्या पोकळीत, कोरड्या गोणपाटाच्या तीन-चार घड्या किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवा, मधला झरोका तेवढा मोकळा सोडून. थर्माकोलमध्ये मुंग्या घर करतात म्हणून मी गोणपाट वापरतो, ओलं झालं की बदलतो. छपरावर पत्रा हवाच आणि तो चारी बाजूंनी चार बोटं पुढे आलेला हवा. पेटी दाराकडे किंचित उतरती ठेवा, तळपाटावर पडलेलं पाणी आपोआप बाहेर येतं.

आता झरोका. बऱ्याच तयार पेट्यांत आतल्या झाकणाला मधोमध जाळीचं भोक असतं आणि छपराला पुढे-मागे जाळी लावलेली छोटी भोकं असतात. तुमच्या पेटीत आहेत का बघा. असली तर नवीन काही कापायची गरज नाही, धूळ-कोळिष्टकं काढली की झालं. नसली तर आतल्या झाकणाला रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक पाडा आणि वरून डासांची स्टीलची जाळी ठोका. साधी लोखंडी जाळी समुद्राकाठच्या हवेत एका पावसात गंजते. नायलॉनची मेणकिड्याच्या अळ्या कुरतडतात. भोकाशेजारी एक लहान लाकडी पट्टी एकाच खिळ्यावर बसवा. ती फिरवली की झरोका अर्धा किंवा पूर्ण झाकता येतो.

जांभळा-हिरड्याच्या बहरात पूर्ण उघडा. मकरंदात साखर ३० टक्के धरली तर एक किलो मध व्हायला दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडावं लागतं, आणि सातेरीचा मध मुळात जरा पातळच असतो. या दिवसांत जास्तीची वाट हवी असेल तर आतल्या झाकणाखाली चार कोपऱ्यांत आगकाडीचे तुकडे ठेवतात. दोन मिलिमीटरची फट पडते, माशी शिरत नाही. पण हे भरलेल्या वसाहतीलाच, आणि पोळी मेणाने बंद झाली, मध काढला की त्याच दिवशी तुकडे काढायचे. दुबळ्या वसाहतीत त्या फटीतून मेणकिड्याची अंडी आत जातात.

एप्रिल-मेच्या उन्हात लोक सगळं सताड उघडतात ते चुकीचं आहे. कोकणात ३५ अंशांत चालून जाईल, पण विदर्भात बाहेर ४४ असताना मोठं भोक म्हणजे आत भट्टीची हवा. माश्या पाण्याचे थेंब पोळ्यावर पसरून, पंखांनी वारा घालून आतला भाग थंड ठेवतात, आणि मोकळा गरम झोत ते काम बिघडवतो. तिथे दाट सावली आणि पेटीजवळ पाण्याचं भांडं यांनी जास्त फरक पडतो. भांड्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात. डिसेंबर-जानेवारीत झरोका अर्धा झाकून ठेवला की पुरे.

गांधीलमाश्या वाढतात तेव्हाही दार एकच आणि बुटकं असलेलं बरं. सगळा पहारा एका जागी राहतो. जंगलात सातेरी असंच घर निवडताना मी बघितलंय. आमच्या जुन्या फणसाच्या ढोलीत बरीच वर्षं वसाहत होती. तोंड एकच, दोन बोटं मावतील एवढं, आणि वर जाड लाकूड.

भोक पाडायच्या आधी एक करा. पाऊस उघडीप देईल त्या दुपारी झाकण उचला आणि ओल नेमकी कुठे आहे ते बघा. मधोमध, माश्या बसतात त्याच्या बरोबर वर बारीक थेंब असतील तर ती आतली वाफ आहे. त्याला वर सांगितलेलं गोणपाट आणि झरोका. कोपऱ्यात किंवा सांध्याच्या रेघेने लाकूड काळं पडलं असेल तर छप्पर गळतंय, आणि झरोक्याने काही होणार नाही, पत्रा बदला. कडेच्या भिंतींना थोडी ओल असेल तर तिला हात लावू नका, माश्या ते पाणी पितात. कुठे दिसली, आत किती चौकटींवर माश्या आहेत आणि मधकोठी अजून वर आहे का, ते इथेच खाली लिहा. म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.