घोडी फारच सुटली आहे, बरगडीही लागत नाही. दोन-तीन दिवस उपाशी ठेवली तर चालेल का?

उपाशी अजिबात ठेवू नका. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं. वैरण थांबली की जठराला जखमा होतात, पोटशूळ उठतो. त्यात जनावर जाड असेल तर अंगावरची चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. तट्टांना हा धोका जास्त.

आधी ती गाभण नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. आमच्याकडे एकानं तीन महिने चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोडली आणि घोडीनं शिंगरू दिलं! नुसत्या पोटावरही जाऊ नका. पोट लोंबतंय पण बरगड्या दिसताहेत, तर बहुधा जंत किंवा निकस वैरण. तुम्ही म्हणता तशी बरगडी हाताला लागत नाही, पाठीच्या कण्यावर पन्हाळ पडली आहे आणि आयाळीखाली मान टणक झाली आहे, तर मात्र चरबीच.

माझी घोडी सारंगखेड्याच्या बाजारातली. तिथं भरलेलं, चकाकतं जनावर खपतं, त्यामुळे आली तीच गुबगुबीत. उरलंसुरलं आम्ही केलं. घोडीची निगा राखणारा मोतद्दार सांगायचा, "दोनच मापं देतो." एकदा तोबरा काट्यावर ठेवला, तर हरभरा-बाजरी मिळून चार किलो! काम म्हणाल तर अर्ध्या तासाची रपेट, तीही पावसाळ्यात बंद. वर संध्याकाळी आईची गूळ-भाकरी. डब्याचं झाकण वाजलं की ही खिंकाळलीच.

वजनासाठी छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. शिंप्याचा टेप 150 चा, पुरत नाही, सुतळीनं मापा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. आमचा घेर 176, लांबी 154, म्हणजे 400 किलोच्या आसपास. अशा जनावराला रोज वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सहा किलो वाळली वैरण. त्याखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

चंदी आम्ही पंधरा दिवसांत हळूहळू बंद केली; खनिज मिश्रण आणि मीठ चालू ठेवलं. लसूणघास बंद. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचो, त्यानं गवतातली साखर कमी होते. उन्हाळ्यात रात्रभर भिजवू नका, आंबतं. वैरण बारीक जाळीत टांगली की सहा किलो तिला दिवसभर पुरते. गाई-म्हशींचं पशुखाद्य स्वस्त पडतं म्हणून देऊ नका; काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला जीवघेणं.

पाय धड असतील तर रोज चालवा. आम्ही वीस मिनिटांपासून सुरुवात केली, मग दुडकी वाढवत तासावर नेलं. चार महिन्यांत घेर 168 वर आला, म्हणजे पस्तीसेक किलो उतरले. आईला गूळ सोडवेना, शेवटी डब्यात गाजराचे तुकडे भरले. घोडीला झाकणाचा आवाज पुरतो.

घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहत असेल, वळताना कचरत असेल, खूर गरम लागत असतील, तर चालवणं बंद. लठ्ठ घोड्यांच्या खुरांना आतून सूज येते, तिचीच ही लक्षणं. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.