रोज पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकदम बंद केली तर धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय की मोठे भाऊ अनेक वर्षं रोज पितात, सकाळी घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही आणि आता ते खोलीत बसून एका झटक्यात सोडणार आहेत. सोडू द्या, पण अशी नको.

मी व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स आहे. घरचे घाबरतात ते पहिल्या रात्रीला: घाम, मळमळ, थरथर, झोपेचा पत्ता नाही. फिट येण्याचा धोका शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत असतो. तो काळ सरला की सगळे म्हणतात, सुटलो बुवा! आणि नेमकं त्यानंतर, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो. माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. सगळ्यांना होत नाही हे, पण पूर्वी दारू थांबवताना फिट आली असेल तर धोका बराच वाढतो.

यात मनाच्या खंबीरपणाचा प्रश्नच नाही. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलटा जोर लावत राहतो. दाब अचानक निघाला तरी तो जोर उरतोच. म्हणून दवाखान्यात लोराझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधं मोजून देतात, मग उतरवत नेतात. सोबत व्हिटॅमिन बी१ची इंजेक्शनं. ती न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. लोराझेपामसारख्या गोळ्या स्वतःहून आणून देऊ नका, दारूबरोबर श्वास मंदावतो.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यालाही अचानक थांबवल्यावर फिट येऊ शकते. ब्राऊन शुगरचं, म्हणजे हेरॉइनचं, वेगळं: उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी जातं, हाल होतात, पण जास्त माणसं दगावतात ती नंतर. सवय उतरलेली असते आणि एखाद्या दिवशी जुनाच डोस घेतला जातो.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत बाटली लपवू नका. मध्येच फिट, भास किंवा असंबद्ध बडबड दिसली तर थेट इमर्जन्सीत न्या. किती पितात तो खरा आकडा सांगा. वॉर्डात बहुतेक जण निम्माच सांगतात आणि औषधाचा हिशेब चुकतो.