बेळगावात बारावी झाली, बीएला अँथ्रोपॉलॉजी (मानववंशशास्त्र) मेजर घेऊ का?

घ्या की, पण नुसतं यूपीएससीसाठी घेणार असाल तर नको, त्यातल्या ऑप्शनल म्हणजे आपण निवडायच्या विषयाच्या 250-250 मार्कांच्या दोन पेपरांना कुठलीही डिग्री चालते. मी धारवाडला हाच विषय शिकलोय. थिअरी आहेच, पण कवट्या-हाडं ओळखणं, डोक्याची मापं घेणं आणि फिल्डवर्कपण करावं लागतं, खरी मजा तिथंच. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न चालतं, काकाच्या पोरीशी नाही, हे घरोघरी विचारून पुरुषाला त्रिकोण नि बाईला गोल काढत वंशावळीत मांडायचं. फक्त नुसत्या बीएवर या विषयातली नोकरी अवघड, एमएची तयारी ठेवा आणि खेड्यात फिरायला बोलण्यापुरतं कन्नड पाहिजेच.